बाबांच्या वाक्याची वाट पाहताना

संक्रांतीला दोन दिवस उरले होते आणि नागपुरात त्या आठवड्यात चांगलीच थंडी पडली होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास बाबांच्या हातातला कप कलला आणि चहा शालीवर सांडला. आई म्हणाली, "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं?" बाबांनी तिच्याकडे पाहिले, बोलण्यासाठी तोंड उघडले आणि "ते... ते... ते..." एवढेच त्यांच्या तोंडून बाहेर पडले. ओठांची उजवी बाजू खाली ओढली गेली होती. मी मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावे फळ्यावर लिहिण्यात माझी १८ वर्षे गेली आहेत. तरीही त्या सकाळची पहिली २५ मिनिटे 'थंडीने तोंड आखडले असेल', 'पित्त झाले असेल' अशा बोलण्यात आमच्या घराने घालवली, आणि त्या बोलण्यात मीही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला जे सांगायचे आहे ते बहुतेक सगळे वेळेविषयीच आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीर विश्रांती घेत असतानाही एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. ती साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. रक्त येत राहील तोवरच त्याचे काम चालते. त्यामुळे एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की नुकसान मिनिटांच्या हिशेबाने होत जाते. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हा हिशेब मांडला होता. मोठी रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. त्यांचा तो आकडा वाचल्यावर मी आमच्या २५ मिनिटांचा गुणाकार केला आहे. तो येथे लिहीत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्याआधी मेंदूत रक्तस्राव तर झालेला नाही ना, याची सीटी स्कॅन काढून खात्री करावी लागते. मानेवाड्याहून धंतोलीतल्या रुग्णालयात आम्ही त्या मुदतीच्या बरेच आत पोहोचलो. बाबांना इंजेक्शन मिळाले. पाय दोन आठवड्यांत चालू लागला, उजवा हात अर्धामुर्धा परत आला, आणि वाचा मात्र 'ते' या एका अक्षरापाशी थांबून राहिली.

पडद्यावर बाबांच्या मेंदूच्या डाव्या बाजूची ती काळपट जागा मला दाखवण्यात आली, तेव्हा माझ्या मनात पॉल ब्रोका यांचे नाव आले. १८६१ सालच्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात त्यांच्यापुढे लेबोर्न नावाचा रुग्ण आला. अनेक वर्षे तो 'ताँ, ताँ' एवढेच म्हणू शकत होता, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. त्याला बोललेले बरेचसे समजत होते आणि डाव्या हाताने खुणा करून तो उत्तरे देत होता. काही दिवसांत तो वारला आणि ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या खंडात इजा आढळली. बोलण्याचे सामर्थ्य मेंदूच्या एका विशिष्ट भागाशी जोडलेले आहे, ही कल्पना येथून रुजली. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवला गेला, आणि २००७ साली नीना ड्रोंकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा ती इजा ब्रोका यांना वरून दिसली त्यापेक्षा पुष्कळ खोलवर गेलेली असल्याचे कळले. ब्रोका यांना आत पाहण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागले होते. जिवंत माणसाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्रण लंडनमध्ये १९७१ सालच्या ऑक्टोबरमध्ये झाले. म्हणजे बाबांच्या तरुणपणीसुद्धा ही सोय जगात जवळजवळ कुठेच नव्हती. यंत्राविषयीची माझी कृतज्ञता खरी आहे. मात्र त्या काळपट जागेच्या चित्राने एक गैरसमजही आमच्या घरात आणून ठेवला, तो असा की जे दिसते आहे तेवढेच गेले आहे आणि जे गेले आहे ते सगळेच्या सगळे गेले आहे.

भेटायला येणाऱ्यांनी तो गैरसमज आणखी घट्ट केला. "काका, काऊन बोलत नाही जी?" असे कोणी मोठ्याने, कानाशी तोंड नेऊन विचारी. बाबांच्या कानांना काहीही झालेले नव्हते. कोणी त्यांच्यासमोरच आईला विचारी, "ओळखतात का आता?" या अवस्थेला वाचाघात म्हणतात, त्यात शब्द सापडणे बिघडते, माणसाची ओळख, स्मृती, लाज, राग, प्रेम हे सगळे जागेवर असू शकते, हे मी प्रत्येकाला सांगत राहिले. आमच्याकडे 'लकवा' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे हे लोकांना दिसते, म्हणून कळते. वाचाघात दिसत नाही, म्हणून तो वेडेपणासारखा वाटतो. आपल्या समाजात बोलता न येणाऱ्या माणसाची बुद्धी लगेच संशयात सापडते, आणि हा आपल्या वागण्यातला दोष आहे असे मला वाटते.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक विलक्षण गोष्ट माझ्या लक्षात आली. माझी मुलगी पाढे म्हणत होती आणि बाबा आरामखुर्चीत बसून तिच्याबरोबर म्हणू लागले. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. स्वच्छ, न अडखळता, वीसपर्यंत. मी धावत गेले आणि विचारले, "बाबा, बे दुणे किती?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "ते... ते..." मग त्यांनी डोळे मिटले, पुन्हा बे एके बे पासून सुरुवात केली आणि 'चार' या शब्दावर येऊन थांबले. त्यानंतर त्यांनी ही युक्ती आपणहून सगळीकडे वापरायला घेतली. किती वाजले असे विचारले की घड्याळाकडे पाहून ते एक, दोन, तीन असे मोजत जात आणि सातवर थांबत. आम्ही 'सात' म्हणालो की मान हलवत.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी हे नेमके हेरले होते. वाचाघात झालेले रुग्ण शिव्या देऊ शकतात, प्रार्थना म्हणू शकतात, अंक मोजू शकतात, पण स्वतःचे एक नवे वाक्य रचू शकत नाहीत, हे पाहून त्यांनी आपोआप येणारे बोलणे आणि हेतूने रचलेले बोलणे असा भेद केला. पाढा ही एक साखळी आहे. पहिली कडी हातात आली की पुढची तिच्यामागून येते. 'चार' हा शब्द बाबांच्या मेंदूत शाबूत होता, तो एकटा उचलून बाहेर आणण्याची वाट बंद झाली होती, आणि साखळीला धरून मात्र तिथपर्यंत जाता येत होते. आमच्या लहानपणी घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्यांत मीही होते आणि वर्गात आजही मी समजून पाठ करा असेच सांगते, पण सत्तर वर्षांपूर्वी कुठल्याशा खेड्यातल्या गुरुजींनी छडीच्या धाकाने त्या मेंदूत कोरलेली ती लय बाबांच्या उपयोगी पडली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

बाबा रेल्वेत नोकरीला होते आणि नोकरीच्या काळापासूनच आमच्या वस्तीतल्या भजन मंडळात खंजिरी वाजवत आले. विदर्भात खंजिरीचा विषय निघाला की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (१९०९-१९६८) नाव आपसूकच येते. ते वाद्य हातात घेऊन त्यांनी गावोगावी भजने म्हटली आणि ती परंपरा आजही आमच्याकडे दर गुरुवारी चालते. पक्षाघातानंतर पाचव्या आठवड्यात मंडळाची माणसे आमच्या घरी आली. बाबांना बरे वाटावे एवढाच हेतू होता. ठेका सुरू झाला, ध्रुपद आले आणि दुसऱ्या आवर्तनाला बाबांनी सूर लावला. शब्द आले. सगळे शब्द, जोडाक्षरांसह. आईने स्वयंपाकघरात गॅस बंद केला, पण ती बाहेर आली नाही. आपल्याला पाहून ते थांबतील अशी भीती तिला वाटली, हे तिने मला नंतर सांगितले. भजन संपल्यावर कोणीतरी विचारले, "भाऊ, पाणी देऊ का?" आणि बाबा पुन्हा "ते... ते..." म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुलांना सांगून मोकळी झाले की भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि संगीत उजव्या बाजूला, म्हणून असे घडते. ही समजूत इतकी सुबक आहे की शिक्षकाला तिचा मोह पडतो. नंतर मी वाचन केले आणि पुढच्या महिन्यात त्याच वर्गात उभे राहून ते विधान मागे घेतले.

बोलता येत नसलेला माणूस गाऊ शकतो, ही नोंद जुनी आहे. अठराव्या शतकातील स्वीडनमधल्या एका रुग्णाविषयी असेच लिहिलेले आढळते, त्याला धर्मगीते म्हणता येत होती. त्यावरून उपचार उभा राहिला तो १९७३ साली बोस्टनमध्ये. मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी रोजच्या वापरातली छोटी वाक्ये दोन सुरांवर, चढउतार वाढवून म्हणायला शिकवण्याची पद्धत मांडली. प्रत्येक अक्षरासोबत रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि मग हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्याकडे यायचे. २००९ साली गॉटफ्रीड श्लॉग यांच्या गटाने असा सघन उपचार घेतलेल्या सहा रुग्णांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा उजव्या बाजूच्या एका तंतुपट्ट्यात वाढ दिसली. म्हणजे प्रौढ मेंदूतही नवी वाट मळू शकते. इथपर्यंत सगळे माझ्या मूळ समजुतीला पोषकच होते.

मग २०११ साली लाइपझिग येथील बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांवर एक अतिशय नेटका प्रयोग केला. त्यांनी सूर आणि लय वेगळे केले. तीच वाक्ये गाऊन म्हणायची, केवळ ठेक्यावर म्हणायची, आणि काही वेळा ठेकाही विस्कटून टाकायचा. केवळ सुरामुळे फारसा जास्तीचा फायदा झाल्याचे त्यांना दिसले नाही. फरक पाडला तो लयीने, विशेषतः मेंदूच्या तळाशी खोलवर असलेल्या केंद्रकांना इजा झालेल्या रुग्णांमध्ये, आणि ओळी तोंडपाठ असण्याने. या दोन गटांमधला वाद अजून मिटलेला नाही आणि तो सोडवण्याची पात्रता माझ्यात नाही. पण बाबांच्या बाबतीत मला श्टाल यांचे म्हणणे अधिक पटते, कारण सूर नसलेला पाढाही त्यांना येत होता. पाढा आणि भजन यांत समान आहे ती लय, आणि लय माणसाला सांगते की पुढचा शब्द केव्हा यायचा आहे. स्वस्थ बसून नुसता ठेका ऐकतानाही मेंदूतली हालचालीची तयारी करणारी क्षेत्रे जागी होतात, हे २००७ साली जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी दाखवले आहे. ठेका कानावर पडतो आणि शरीर आपली जागा धरून तयार राहते.

आमच्याकडे येणाऱ्या वाचा-उपचार तज्ज्ञ ताईंना मी खंजिरीबद्दल सांगितले, तेव्हा त्यांनी ती मागवून घेतली. बाबांचा उजवा हात कमजोर, म्हणून खंजिरी माझ्या मुलीने धरायची आणि बाबांनी डाव्या हाताने थाप द्यायची असे ठरले. एक थाप, एक अक्षर. पा-णी-दे. बा-हेर-जाऊ. सात आठवड्यांनी, सरावाच्या वेळी नव्हे तर भर दुपारी, आईने चौथ्यांदा पुढे केलेल्या कपाकडे पाहून बाबांनी मांडीवर थाप मारली आणि स्पष्ट म्हणाले, "चहा नको." कोणी न शिकवलेले, त्यांचे स्वतःचे असे ते पहिले वाक्य. आई कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. इतके दिवस नको असलेला चहा ते मुकाट्याने पीत होते, हे तेव्हा आम्हाला कळले.

ताईंनी आम्हालाही एक सराव दिला होता आणि तो बाबांच्या सरावापेक्षा अवघड निघाला. बाबा बोलू लागले की मनात दहापर्यंत मोजायचे आणि मध्ये शब्द सुचवायचा नाही. एवढे साधे काम कोणालाच का जमत नाही, याचे उत्तर मला एका वेगळ्याच अभ्यासात मिळाले. २००९ साली तान्या स्टिव्हर्स, स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील दहा भाषांमधले संवाद तपासले. एकाने प्रश्न संपवणे आणि दुसऱ्याने उत्तर सुरू करणे यांमधले अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास होते. भाषेनुसार थोडा फरक पडत होता, पण सगळ्या भाषा त्याच परिसरात होत्या. आता, समोर दिसणाऱ्या वस्तूचे नाव उच्चारायला मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच आपण आपले वाक्य रचायला घेतलेले असते. आपण सगळेच ऐकता ऐकता अंदाज बांधत असतो. गप्पा रंगतात त्या याच गुणामुळे. एकदा मी मोबाईलवर वेळ मोजली: 'पाणी' हा शब्द सापडायला बाबांना ९ सेकंद लागले. ज्या मेंदूला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची सवय आहे, त्याला ९ सेकंदांची शांतता सहन होत नाही. त्या ९ सेकंदांत आई, मी आणि माझा नवरा मिळून चार शब्द सुचवत होतो, आणि सुचवलेला प्रत्येक शब्द बाबांच्या हाती लागत आलेला शब्द ढकलून देत होता. त्यांच्या चेहऱ्यावरची ती धडपड आम्ही प्रेमानेच वाढवत होतो.

मोबाईलही यात वेगळा ठरला नाही. बोलून मराठी टंकलिखित करण्याची सोय मी बाबांना दाखवली होती. त्यांचा एखादा शब्द तरी पडद्यावर उमटला तर त्यांना हुरूप येईल असे वाटले. पण ती सोय क्षणभर शांतता पडली की ऐकणे बंद करते. बाबा शब्दापर्यंत पोहोचत तोवर माइकचे चिन्ह विझलेले असे. ज्यांनी ती सोय घडवली त्यांनी भराभर बोलणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता, आणि आपणही तोच डोळ्यांपुढे ठेवून एकमेकांशी बोलतो.

या बाजूला प्रयोगशाळांमध्ये जे चालले आहे ते मात्र थक्क करणारे आहे. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील दोन गटांचे शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. स्टॅनफर्डच्या गटाने मेंदूत बसवलेल्या सूक्ष्म विद्युताग्रांच्या आधारे एका महिलेचे बोलण्याचे प्रयत्न मिनिटाला ६२ शब्द या वेगाने मजकुरात उतरवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ विद्युताग्रांची पट्टी ठेवून, मस्तिष्कस्तंभातील पक्षाघातामुळे अनेक वर्षे अबोल झालेल्या दुसऱ्या एका महिलेसाठी हाच वेग ७८ शब्दांपर्यंत नेला आणि पडद्यावरच्या चेहऱ्यातून तिचा आवाजही उभा केला. तेव्हा एका वाक्यासाठी सुमारे ८ सेकंद थांबावे लागत होते. २०२५ साली बर्कले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी तो विलंब सुमारे एका सेकंदावर आणला. येथेही सगळी शर्यत त्या मधल्या शांततेशीच आहे. मात्र त्या दोघींच्या मेंदूत वाक्य तयार होत होते, ते स्नायूंपर्यंत पोहोचत नव्हते. बाबांचे अडते ते त्याच्या आधीच, शब्द सापडण्यापाशी; यंत्राला वाचण्यासारखे पूर्ण वाक्य तेथे तयार नसते. शिवाय ही यंत्रणा इंग्रजी ध्वनींवर शिकलेली आहे. 'ळ', 'चमचा'मधला 'च' आणि 'चहा'मधला 'च' यांचा फरक तिला कोणीतरी मराठी माणसांच्या मेंदूकडूनच शिकवावा लागेल, आणि ते काम आपल्या विद्यापीठांनी, आपल्या डॉक्टरांनी, भाषेच्या अभ्यासकांनी एकत्र बसून सुरू करावे असे मला मनापासून वाटते.

कलेच्या बाजूने एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. व्हिसारिऑन शेबालिन या रशियन संगीतकाराला १९५३ आणि १९५९ साली पक्षाघात झाला. भाषा जवळजवळ गेली, पण संगीत राहिले, आणि १९६२ साली त्याने आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या रुग्णाविषयी लिहिले आहे. बाबा काही संगीतकार नाहीत. तरी आपल्यातले एक मोठे दालन उघडे आहे हे शेबालिनला जसे ठाऊक असावे, तसे ते बाबांनाही ठाऊक आहे, हे गुरुवारी त्यांच्या बसण्यावरून कळते.

आता दोन वर्षे झाली आहेत. बाबा तीन-चार शब्दांची वाक्ये बोलतात. क्रियापदे अजून गळतात, नावे अडतात, आणि थकवा आला की 'ते' परत येते. मंडळातल्या माणसांनी मात्र एक पद्धत पाडून घेतली आहे आणि ती त्यांना ताईंनी किंवा मी शिकवलेली नाही. ध्रुपद संपले की अंतऱ्याची पहिली ओळ बाबांनी उचलायची. ती त्यांना लगेच येत नाही. तोवर कोणीही ओळ सुचवत नाही, कोणी त्यांच्याकडे टक लावूनही पाहत नाही. खंजिरी आणि टाळ ठेका धरून चालत राहतात, एक आवर्तन, दोन आवर्तने, जितकी लागतील तितकी. पहिल्यांदा बाबा घाबरून हात हलवू लागले होते, तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "भाऊ, तुम्ही आरामात या. आम्ही आहो ना." गेल्या गुरुवारी बाबा पाचव्या आवर्तनाला आले.